हिरवळ नसलेला किल्ला

काही वर्षांपूर्वी धुळ्याच्या एका शाळेने दिवाळीच्या सुट्टीआधी किल्ल्यांची स्पर्धा ठेवली होती आणि परीक्षक म्हणून आम्हाला बोलावले होते. पुण्या-साताऱ्याकडची ही अंगणातली रीत इकडे शाळा-कॉलन्यांच्या स्पर्धांतून चांगली रुजली आहे. शाळेच्या आवारात अकरा किल्ले होते. दहा किल्ले हिरवेगार. कुणी मोहरी पेरली होती, कुणी अळीव, तर ज्यांचे उगवले नाही त्यांनी लाकडाच्या भुशाला हिरवा रंग देऊन तो भुरभुरला होता. अकरावा किल्ला मात्र मळकट खाकी. त्यावर आडवे काळपट पट्टे, मध्ये फिकट उतार, आणि कुठे कुठे वाळलेल्या गवताची तुसे चिकटवलेली. आठवीच्या मुलामुलींनी केलेला हा लळिंगचा किल्ला होता. त्याचा एक बुरूज रात्रीतून तडकून खाली आला होता.

"हिरवळ का नाही लावली?" आमच्याबरोबरच्या परीक्षकांनी विचारले. गटातली एक मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, आते त डोंगर पिवया शे ना."

गुणपत्रिकेत 'हिरवळ' असा दहा गुणांचा रकाना होता. त्यात आम्ही तिघांनीही शून्य लिहिले. बुरूज पडल्याचे आणखी पाच गुण गेले. संध्याकाळी नाशिकच्या बसने परत निघालो आणि धुळे सोडून थोडे पुढे आलो, तोच महामार्गालगत लळिंगचा डोंगर दिसला. आडवे काळपट कडे, मधले फिकट उतार, वाळून गेलेले गवत. मुलीने सांगितला तसा पिवळा.

निकाल लागून गेला होता. पण त्या किल्ल्याने आम्हाला बरेच दिवस कामाला लावले. मातीचा डोंगर, त्यावर बोटाएवढे मावळे, आणि हे सगळे खरे वाटावे म्हणून दिलेले रंग, यांत किती विज्ञान दडलेले असते ते आम्ही तेव्हा प्रथम नीट पाहिले. पाश्चात्त्य देशांत मोठी माणसेसुद्धा हा छंद करतात. एच. जी. वेल्स या विज्ञानकथाकाराने १९१३ साली खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांचे नियम सांगणारे एक पुस्तकच लिहिले होते. आज तिकडे राक्षस, चेटकिणी, पंखवाले घोडे यांच्या बोटाएवढ्या मूर्ती रंगवण्याच्या आणि त्यांच्यासाठी दऱ्याडोंगर उभारण्याच्या स्पर्धा लागतात. त्यांच्यापुढचे प्रश्न आणि धुळ्याच्या आठवीतल्या मुलांपुढचे प्रश्न एकच आहेत.

एका किल्ल्यात दोन मापे

बाजारातला मावळा साधारण ६ सेंटिमीटर उंच असतो. खरा माणूस १७० सेंटिमीटर धरला, तर मावळा अठ्ठावीस पटीने लहान झाला. आता मुलांनी केलेला डोंगर ६० सेंटिमीटर उंच आहे असे समजा. त्याला अठ्ठावीसने गुणले की येतात जेमतेम १७ मीटर, म्हणजे पाचमजली इमारतीएवढी उंची. याला कुणी डोंगर म्हणणार नाही. उलट, डोंगर पायथ्यापासून २०० मीटर उंच आहे असे धरून त्याच मापाने मावळा करायचा म्हटले, तर तो ५ मिलिमीटरचा होईल, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान.

म्हणजे प्रत्येक दिवाळीच्या किल्ल्यात निदान दोन मापे एकत्र नांदत असतात. ही चूक आहे का? आमच्या मते नाही, फक्त ती जाणून केलेली असावी. मोठे मावळे पुढे, पायथ्याशी ठेवावेत आणि वर माचीवर अगदी छोटे. दूरची वस्तू लहान दिसते या आपल्या सवयीचा फायदा घेऊन डोंगर आपोआप उंच वाटू लागतो.

अशी तडजोड शास्त्रज्ञही करतात. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली सुरू झालेल्या या संस्थेत धरणे, नद्या आणि बंदरे यांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांतून खरोखर पाणी सोडतात. एखादी रुंद, उथळ खाडी सगळ्या बाजूंनी सारखीच लहान केली, तर पाण्याचा नुसता पापुद्रा उरेल आणि तो नदीसारखा वाहणार नाही, पृष्ठताणामुळे थेंब धरून बसेल. म्हणून अशा प्रतिकृतीत लांबी-रुंदीपेक्षा खोली मुद्दाम कमी पटीने लहान करतात. आपल्या किल्ल्यावरची नदी खरे पाणी सोडले की नदी वाटत नाही, नळाखालची मोरी वाटते, त्याचेही कारण हेच. पाण्याचा थेंब लहान होत नाही. त्यामुळे किल्ल्यावरचे पाणी रंगवलेले बरे, काठाशी मातकट आणि मध्यभागी गडद.

याच्या उलट काही वस्तू कोणत्याही मापात खऱ्याच दिसतात. कपाशीची वाळकी पऱ्हाटी घ्या. तिची एक फांदी मोडून मातीत खोचली की झाड तयार. कारण झाडाच्या फांदीला ज्या प्रकारे फांद्या फुटतात, त्याच प्रकारे उपफांदीलाही फुटतात. खडकाचेही तसेच. मुठीएवढा काळा दगड किल्ल्यावर ठेवला की तो कडा वाटतो. भूशास्त्राचे विद्यार्थी खडकाचा फोटो काढताना शेजारी हातोडी किंवा नाणे ठेवतात ते उगाच नाही. तसे न केल्यास फोटोतला खडक हातभर आहे की डोंगराएवढा, हे त्यांनाही सांगता येणार नाही. जळगावकडची मुले केळीचे वाळलेले सोपट उभे चिरून तटबंदीला लावतात, तेही छान दिसते. पण वाळू मात्र खरी दिसत नाही. अठ्ठावीस पटीने मोठा केला तर वाळूचा एक मिलिमीटरचा कण जवळजवळ लिंबाएवढा होतो. पांझरेची किंवा गिरणेची वाळू मावळ्यांच्या पायाशी पसरली की ते दगडगोट्यांत उभे असल्यासारखे दिसतात. वाटेसाठी चाळलेली मातीच हवी.

काळी आणि पांढरी

आता त्या पडलेल्या बुरुजाकडे येऊ.

एखादी वस्तू अठ्ठावीस पट मोठी केली की तिच्या छेदाचे क्षेत्रफळ २८ × २८ म्हणजे ७८४ पट होते, पण आकारमान आणि वजन २१,९५२ पट होते. तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा भार अठ्ठावीस पट वाढतो. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे गणित मांडले आहे. मुलांच्या किल्ल्याला या गणिताचा फायदाच मिळतो. ओल्या मातीची फूटभर भिंत सरळ उभी राहते, त्याच मातीची आठ मीटरची भिंत उभी राहणार नाही. तेव्हा तो बुरूज स्वतःच्या वजनाने पडला नव्हता.

तो पडला मातीच्या स्वभावामुळे. तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी माती कपाशीला आणि केळीला सोन्यासारखी, पण मूर्तिकाराची वैरीण. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट या गटाची खनिजे भरपूर असतात. त्यांचे कण म्हणजे एकावर एक रचलेले अतिशय पातळ पापुद्रे. एका पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहालाखाव्या भागाएवढी. पाणी मिळाले की ते या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि माती फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात चोपडा-यावलच्या शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. किल्ल्याचा पृष्ठभाग आधी वाळतो, आतली माती ओली आणि फुगलेलीच असते. वरची आक्रसू पाहते, आतली तिला आक्रसू देत नाही. त्या ओढाताणीत तडा जातो. रात्री थंडी पडली, कोरडा वारा सुटला आणि बुरुजाचे काम झाले.

एक सोपा प्रयोग वर्गात करता येतो. तीन ताटल्यांत काळ्या मातीचा गाळ ओता. एकीत २ मिलिमीटर, दुसरीत ५, तिसरीत १५. दोन दिवस सावलीत वाळू द्या. पातळ थराला बारीक जाळी पडेल, जाड थराला मोठ्या, दूरदूरच्या भेगा पडतील. भेगांमधले अंतर थराच्या जाडीबरोबर वाढते. म्हणजे जाड बुरूज म्हणजे मोठी भेग. बुरूज आतून पोकळ ठेवून, म्हणजे पऱ्हाट्या आणि गोणपाटाच्या सांगाड्यावर पातळ लिंपण करून बांधला असता, तर वरवर बारीक चिरा पडल्या असत्या आणि त्या दगडांच्या सांध्यांसारख्या शोभल्याही असत्या!

मातीत वाळू मिसळली की आक्रसणाऱ्या कणांचे प्रमाण कमी होते. भुसा आणि शेणातले धागे भेग पसरू देत नाहीत. थोडा चुना मिसळला तर त्यातले कॅल्शियम पापुद्र्यांना जवळ आणते आणि मातीची फुगण्याची खोडच कमी होते. काळ्या मातीतून रस्ता नेताना अभियंतेही चुना मिसळतात.

हे आपल्या आजी-आजोबांना ठाऊक नव्हते असे समजू नये. 'काळी' म्हणजे शेत आणि 'पांढरी' म्हणजे गावठाण, हे शब्द अजून खेड्यांत चालतात. धाब्याच्या घरांवर घालायला, भिंती बांधायला माती आणत ती पांढरीची. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, चुना मिसळून ही जुन्या वस्तीची माती फिकट आणि कमी तडकणारी झालेली असते. मात्र किल्ल्यासाठी गावाजवळची पांढरीची टेकाडे मुलांना उकरू देऊ नका. चाळीसगाव तालुक्यातल्या बहाळला अशाच टेकाडात १९५० च्या दशकात उत्खनन झाले आणि ताम्रपाषाणयुगातली वस्ती मिळाली. पडक्या घराच्या भिंतीची माती आपल्याला पुरते.

काळ्या मातीला सोयीचा किल्ला करायचाच असेल तर पारोळ्याचा भुईकोट करावा. बैठ्या भिंती, रुंद पाया, भोवती खंदक. तडकायला उंच असे काही नाहीच.

ओला रंग, वाळला रंग

गेरू आणि पिवडी हे खरे म्हणजे डोंगराचेच रंग आहेत. दोन्ही लोहाची संयुगे. पिवडीत लोहाच्या ऑक्साइडबरोबर पाणी रासायनिक रीतीने बांधलेले असते. लोखंडी तव्यावर चमचाभर पिवडी घालून चांगली तापवा. पाणी निघून जाते आणि तीच पिवडी डोळ्यांदेखत लालसर होते, गेरू होते. (दुकानातल्या सगळ्याच पिवळ्या पुड्या खऱ्या पिवडीच्या नसतात. लाल झाली नाही तर समजावे. प्रयोग शिक्षकांनी स्वतः, खिडकीजवळ करावा.) खडकांतल्या लोहाचेही ऊन-पावसात असेच रंग होतात, म्हणून डोंगराच्या रंगासाठी रंगपेटीपेक्षा ही पूड बरी.

पण मुलांची एक तक्रार नेहमी येते. ओला गेरू लावला तेव्हा गडद होता, वाळल्यावर फिकट पडला. असे का? रंगाच्या पुडीत कणांच्या मध्ये हवा असते. कण आणि हवा यांच्या वक्रीभवनांकात फरक मोठा, त्यामुळे प्रकाश कणाकणावर विखरून लगेच बाहेर येतो, पृष्ठभाग फिकट दिसतो. मधली जागा पाण्याने भरली की तो फरक कमी होतो, प्रकाश आत खोलवर जातो, वाटेत जास्त शोषला जातो, पृष्ठभाग गडद दिसतो. दिवाळीत भिंतीला चुना दिल्यावर पहिल्या तासात भिंत कळकट दिसते आणि वाळल्यावर पांढरी होते, त्याचे एक कारण हेच. रंगात डिंक किंवा फेव्हिकॉल मिसळले तर तो वाळल्यावरही कणांमधली जागा अडवून बसतो आणि रंग गडद राहतो. मग लळिंगच्या डोंगराला काय हवे? उतारांना नुसता पाण्यातला रंग, कड्यांना डिंक घातलेला. त्या आठवीच्या गटाने नेमके असेच केले होते. कारण त्यांना माहीत नव्हते, पण वाळल्यावर रंग कसा दिसतो हे त्यांनी एका कौलावर आधी करून पाहिले होते.

ते आडवे पट्टेही मनाने काढलेले नव्हते. आपला सह्याद्री आणि खानदेशचे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून झाले. टणक थराचा कडा होतो, सच्छिद्र आणि झिजणाऱ्या थराचा उतार होतो. त्यातून पायऱ्या तयार होतात. अशा खडकाला 'ट्रॅप' म्हणतात. जिन्याला असलेल्या स्वीडिश शब्दावरून ते नाव आले. धुळे-नंदुरबारकडे आणखी एक गंमत आहे. भेगांतून वर येता येता थिजलेला लाव्हा, ज्याला डाइक म्हणतात, इथे माळावर लांबच लांब दगडी भिंतींसारखा उभा दिसतो. काही डाइक कित्येक किलोमीटर लांब आहेत. निसर्गानेच तटबंदी घालून ठेवलेली असताना आपल्या मुलांच्या किल्ल्यांत ती कधी दिसत नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

मावळे रंगवणे हे अधिक नाजूक काम. साठ सेंटिमीटरवरून पाहिलेला सहा सेंटिमीटरचा मावळा डोळ्यात जेवढा कोन करतो, तेवढाच कोन सतरा मीटरवर उभा असलेला माणूस करतो. मैदानात एकाला सतरा मीटरवर उभे करा आणि काय दिसते ते मुलांना लिहायला सांगा. भुवयांखाली एक गडद पट्टी दिसेल, डोळ्यांचा पांढरा भाग जवळजवळ दिसणार नाही. तरीही आपण मावळ्याला पांढरेशुभ्र डोळे आणि मध्ये ठसठशीत ठिपका काढतो आणि बिचारा दचकल्यासारखा दिसतो.

दुसरी अडचण साच्याची. खऱ्या अंगरख्याची तीन सेंटिमीटर खोल चुणी मूर्तीत एक मिलिमीटरची व्हायला हवी, पण साच्यात ती त्याहून उथळ आणि गुळगुळीत होते. त्यात ओसरीवरच्या ट्यूबलाइटचा प्रकाश चहूकडून येतो. सावली पडतच नाही, ती रंगवावी लागते. यासाठी दोन युक्त्या आहेत. खूप पातळ केलेला काळपट तपकिरी रंग मूर्तीवर सोडला की तो केशाकर्षणाने चुण्यांत जाऊन बसतो. तो वाळल्यावर जरा फिकट रंगात कुंचला बुडवून फडक्याला जवळजवळ कोरडा पुसावा आणि मूर्तीवरून हलकेच फिरवावा, म्हणजे फक्त उंचवट्यांना रंग लागतो. पहिल्या युक्तीत कधी कधी सपाट जागी थेंब वाळून कडेने गडद कडे उमटते. चहाच्या कपाचे टेबलावर उमटते तसेच. थेंब कडेला जास्त वेगाने वाळतो, ती तूट भरायला आतले पाणी कडेकडे वाहते आणि रंगाचे कण सोबत नेते. इतक्या रोजच्या गोष्टीचा हा उलगडा शिकागोच्या शास्त्रज्ञांनी १९९७ साली प्रसिद्ध केला. साचलेला थेंब कोरड्या कुंचल्याने लगेच टिपून घेतला की हे कडे पडत नाही.

कुंचला तोंडात घालू नये

त्या दिवशी फिरताना आमचे लक्ष मुलांच्या ओठांकडे गेले. कुणाचे पिवळे, कुणाचे केशरी. बारीक काम करताना कुंचल्याला टोक यावे म्हणून मुले तो ओठांत धरून ओढत होती. जवळ तैलरंगाचा जुना डबा होता आणि डोंगरावरच्या मारुतीसाठी शेंदूर.

शेंदूर म्हणजे परंपरेने शिशाचे ऑक्साइड. जुन्या पिवळ्या-केशरी तैलरंगांतही शिशाचे क्रोमेट असते. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि त्याची सुरक्षित अशी मात्रा नाही. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम २०१६ साली निघाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. पण माळ्यावर पडलेल्या जुन्या डब्याला नियम कुठला?

अमेरिकेत १९१७ पासून घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे काढणाऱ्या मुली अशाच कुंचला ओठांत धरून टोक काढत. तसे करायला त्यांना शिकवलेच होते. त्या रंगात रेडियम होते. काही वर्षांत त्यांचे दात पडले, जबड्याची हाडे झिजली, कित्येक जणी दगावल्या. त्यांच्यातल्या पाच जणींनी कंपनीवर दावा लावला आणि १९२८ साली भरपाई मिळवली, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले.

ओठांची गरजच नसते. कुंचला पाण्यात बुडवून पाण्याच्या आतच पाहा, केस पिंजारलेलेच असतात. बाहेर काढा, टोक आपोआप येते. केसांभोवतीच्या पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण त्यांना एकत्र आवळतो. ओल्या फडक्यावर कुंचला जरा फिरवत ओढला की हवे तेवढे बारीक टोक मिळते. मारुतीला गेरूत थोडी पिवडी मिसळून लावावी, रंग जवळपास तोच येतो.

पुढच्या वर्षी त्याच शाळेने पुन्हा बोलावले. या वेळी आम्ही पंधरा दिवस आधी गेलो आणि प्रत्येक गटाला काळ्या कागदाची वीतभर नळी करायला सांगितली. शिक्षकांनी मुलांना लळिंगच्या पायथ्याशी नेले. नळीतून डोंगराचा एकच तुकडा दिसतो, शेजारचे आकाश किंवा झाडे दिसत नाहीत, त्यामुळे रंग नीट कळतो. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला त्याच कड्याचा रंग मुलांनी पुठ्ठ्यावर मिसळून पाहिला आणि शेजारी वेळ लिहिली. संध्याकाळचे पुठ्ठे बहुतेकांचे तांबूस निघाले, पण दोघांचे निळसर. ते दोघे दूर, महामार्गाच्या पलीकडे जाऊन बसले होते. मधल्या हवेने आणि धुळीने रंग बदलला होता, हे मुलांनीच शोधून काढले.

गुणपत्रिकेतला 'हिरवळ' हा रकाना आम्ही खोडला आणि तिथे 'पुठ्ठा' असे लिहिले. गुण तेवढेच, दहा.